कपड्यांच्या दोरीस ऊन कैसे मिळाले, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि वीज जाण्याआधी, हकीकत लिहिली ती ऐसी जे: थेरगावी डांगे चौकापलीकडे मातबर बिल्डर राजमान्य राजश्री मारुतराव यांनी वडिलांच्या गुऱ्हाळाच्या जागेवर बारा मजली इमारत उठवावी ऐसा मनसुबा धरिला, आणि नकाशांची कामगिरी वास्तुविशारद मधुवंतीबाई यांजकडे सोपविली. बाईंच्या स्वतःच्या नावावरची ही पहिलीच मोहीम.

ऐसियास, घरे घेणार ती लातूर-बीडकडील कुटुंबे, चाकणच्या कंपन्यांत तिन्ही शिफ्टांची चाकरी करणारी. बाईंचे वडीलही त्याच चाकरीतले. पावसाळ्यात ओलाच गणवेश अंगात घालून कंपनीची बस गाठीत, आणि दिवसभर शिंकत. हे बाई विसरल्या नव्हत्या. म्हणोन त्यांनी दर घराची कपडे वाळत घालायची बाल्कनी मागल्या अंधाऱ्या, पाइपांच्या डक्टातून उठवून थेट दक्षिणेस, उन्हात, हमरस्त्याच्या तोंडावर आणिली. आणि वर धाडस ऐसे केले जे, इमारतीच्या रंगीत चित्रात इतर लोक फुगे, गोरी पोरे आणि निळे आभाळ घालितात, तेथे बाईंनी दोरीवर गणवेश, चादरी आणि तान्ह्याची दुपटी खुशाल वाळत घातली.

मग इमारतींस मंजुरी देणाऱ्या नगररूप परीक्षण मंडळाचा दरबार भरला. मध्ये सभापती सुरेंद्रपंत, आणि त्यांचे डावीकडे काचेच्या कट्टर कैवारी मृदुलाबाई. मधुवंतीबाईंनी लॅपटॉप जोडला, तो प्रोजेक्टरने कचदिली केली, मग वायर हलविली, मग पुन्हा हलविली, आणि अखेर पडद्यावर दुपटी झळकली. मग मृदुलाबाईंनी तोफ डागली जे, हमरस्त्यावर धुणी टांगणे शहरास शोभत नाही; सबब बाल्कनी काचेने बंद करावी आणि दोरी डक्टात न्यावी, एरवी मंजुरी नाही.

मारुतराव, जे आतापावेतो छाती काढून बसले होते, ते पाहता पाहता गळाठले आणि मधुवंतीबाईंच्या कानाशी लागले. "म्याडम, व्हय म्हना अन् सुटा. काच काय, सोनं लावतो म्हना."

बाईंनी मनाशी हिशेब मांडिला. होकार द्यावा तर इमारत उभी राहील, आपले नाव लागेल, आणि पोराबाळांचे कपडे डक्टात कुबट वास मारतील. नकार द्यावा तर पहिल्याच मोहिमेत शिकस्त. मग घोटभर पाणी प्यायल्या, हिंमत बांधिली, आणि अदबीने अर्ज केला जे, हुजुरांच्या घरची धुणी कोठे वाळतात, एवढे समजावे.

ऐसा सवाल त्या दरबारी कधी आला नव्हता. सुरेंद्रपंत छताकडे पाहू लागले. मृदुलाबाई शेजारच्या वाकडास, विसाव्या मजल्यावर, खासा काचेच्या महालात राहत.

"ट्रेडमिलवर," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आणि टॉवेल डायनिंगच्या खुर्च्यांवर. दोन दिवस झाले तरी दमटच असतात हो."

हे ऐकताच सभापतींचा बांध फुटला, आणि आपल्या घरी पाहुणे येणार म्हणताच प्रथम सोफ्यावरील बनियनांची फौज हलवावी लागते, ऐसे त्यांनी भर दरबारी कबूल केले. मग कोणी पंख्याखालच्या चादरीचे गाऱ्हाणे मांडिले, कोणी दारावरच्या परकरांचे, आणि मंडळात धुण्याखेरीज विषय उरला नाही.

तेसमयी फर्मान सुटले: बाल्कनी दक्षिणेसच राहील, काच लावू नये, कमरेएवढी जाळी लावून दोरी तिच्या आत बांधावी. जाळीपुरता तह बाईंनी आनंदाने मान्य केला.

जिना उतरता उतरता मारुतरावांस हुशारी आली. "म्याडम, फ्लॅटमागं उन्हाचा येगळा रेट लावू का?"

मधुवंतीबाई पायरीवरच थांबल्या, आणि वळून त्यांजकडे पाहिले.

"न्हाई, आपलं सहज इचारलं," मारुतराव म्हणाले, आणि मोहिमेतील दुसरी फत्ते जिन्यातच जाहली.

येणेप्रमाणे थेरगावच्या दोरीस दक्षिणेचे ऊन, तिन्ही शिफ्टांच्या कुटुंबांकरिता, वंशपरंपरा इनाम बहाल जाहले. त्यावर कोणी रेट लावू नये. नोंद करणे ती केली असे.