मासळीच्या उकडीवरून जो प्रसंग गुदरला त्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. दर्यासागरास नारळ, चुलीस नमस्कार, आणि ऐकणारांस पोटभर जेवण असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी, रविवारी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील धनी आम्हांस ओळखतात आणि अधूनमधून जेवावयास बोलावतात, ते बंद व्हावे ऐसी आमची इच्छा नाही. राज्य लहान, दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, आणि समुद्र तेथोन इतका दूर की गच्चीवर चढोन पाहिले तरी पाण्याच्या टाक्याच दिसाव्या. गादीवर जयेंद्रराजे, कूळ दर्याकिनारीच्या कोळ्यांचे, परंतु चाकरी संगणकाची, होडीत बसले तर पोटात ढवळते. त्यांच्या राणी वैजयंताबाई, माहेर देशावर, जेथे मटण रटारटा शिजते आणि मासा क्वचित दिसतो. आणि थोर मातुश्री चांगुणाबाई, राजांच्या जननी. यांचे यजमान जोमाजी तांडेल, म्हणजे स्वतःच्या होडीचे सुकाणू धरणारे, मागील वर्षी कैलासवासी जाहले, आणि मग होडी विकली, आणि मातुश्रींनी किनाऱ्यावरील घरास कुलूप घातले, किल्ली कमरेस खोचिली, आणि लेकाच्या राज्यात येऊन राहिल्या.

राहिल्या म्हणावे तर राहिल्या. परंतु मुदपाकखान्यात पाऊल टाकिले नाही, मासळी मागितली नाही, केली तर खाल्ली नाही, वरणभात चिवडावा आणि उठावे, ऐसा क्रम. वैजयंताबाईंनी सुरमई तळोन पाहिली, बांगड्याचे कालवण करोन पाहिले, तें पाहोन मातुश्री इतकेच बोलत, "चांगला झाला गो. पोट भरला माजा." आणि ताट तसेच. सुनेस मनस्वी दुःख वाटे. शुक्रवारी मातुश्रींनी गाठोडे बांधोन पलंगाखाली ठेविले आणि सांगितले, "जयेंद्रा, सोमवारी मना गावाला सोर. मी आता तिकरंच ऱ्हाते." राजे बोलिले, "आये, तिकडे कोण आहे? गुडघे धड नाहीत, रात्री काही झालं तर?" मातुश्री बोलिल्या, "तिकरं वारा तरी हाय." वाऱ्यावर कोण काय बोलणार. तेव्हा सोमवारपूर्वी काही इलाज चालला तर मातुश्री राहाव्या, न चालला तर त्या एकट्या त्या बंद घरात जाणार, ऐसा पेच राज्यावर येऊन पडला.

वैजयंताबाई हार मानणाऱ्या नव्हेत. राजांनी दिवाळीत सवलत पाहोन एक यंत्र मागविले होते, त्यास लोक स्लो कुकर म्हणतात. त्यात चिनीमातीची जड हंडी, वर काचेचे झाकण, खाली विजेची उष्णता, ज्वाळा नाही, धूर नाही, शिटी नाही, आवाजसुद्धा नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर ज्या चुलीत विस्तव दिसत नाही तिजवर आमचा भरवसा बसत नाही, परंतु आमचे मत कोणी विचारिले नाही. ते यंत्र माळ्यावर पडोन होते. राणीसाहेबांनी मोबाईलवर परमुलुखातील एक रीत पाहिली, की बटाटे, मक्याची कणसे, कांदा, लसूण आणि कोळंबी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, शिवल्या म्हणजे शिंपले, ऐसे सर्व एकाच हंडीत उकडावे, मग पाणी टाकोन द्यावे, मेजावर कागद अंथरोन त्यावर ढीग ओतावा आणि साऱ्या घराने हातांनी खावे. त्यांस वाटले, सारे घर एका ढिगाभोवती बसले म्हणजे मातुश्रीही बसतील. मग शनिवारी सांजवेळी त्या मातुश्रींपाशी जाऊन बोलिल्या, "आई, सोमवारी जाऊ नका म्हणत नाही मी. पण उद्या मासळीची उकड करते, तेवढी खाऊन जा की."

या एका शब्दाने सारे उलटेपालटे जाहले. मातुश्री माळ ओढीत होत्या, तो हात थांबला. त्या बोलिल्या, "काय करतेस? उकर? मासलीची?" सून बोलिली, "होय, उकड." मातुश्री बोलिल्या, "कोनी सांगितली तुना?" सून बोलिली, "मोबाईलवर बघितली." मातुश्रींनी सुनेचा मोबाईल हाती घेऊन उलटापालटा करोन पाहिला.

याचे कारण ऐसे. जोमाजी तांडेल भरदर्यात असता कधी तांदूळ संपे, कधी लाट आत येऊन भिजे, तेव्हां खलाशी काय करीत, तर चिंबोऱ्या-कोळंबीचा जो रस उकळत असे त्यातच भाकरीचे तांदळाचे पीठ सोडीत आणि घोटीत, आणि ती उकड पाटावर मांडी घालोन, होडी डुलत असता, वाफेसकट खात. पुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी होडी वर काढिली की, जोमाजी घरी तीच उकड करीत, आणि त्या दिवशी बायकोस चुलीपाशी येऊ देत नसत. म्हणत, "तू बस. आज मी बंडारी," म्हणजे होडीवरचा आचारी. उकड जाहली की पहिला डाव एका ताटलीत काढोन बाजूस ठेवीत आणि बोलत, "यो होरीचा वाटा." आणि मग चांगुणाबाई विचारीत की होडी काय खाणार, तर जोमाजी मिशा पुसोन बोलत, "होरी खात नाय, म्हनून तिचा वाटा तांडेलान खावाचा." आणि दोन वाटे खाऊन हसत बसत. आता जोमाजी नाहीत, होडी नाही. मग वाटा कोणास काढावा? या एका प्रश्नावर मातुश्रींची मासळी वर्षभर अडोन राहिली होती, परंतु हे त्या कोणास बोलिल्या नव्हत्या. दुःख मोठे असते तेव्हां त्याचे कारण लहान दिसते, आणि माणसास सांगावयाची लाज वाटते.

तेव्हां सुनेच्या मुखातून मासळीची उकड हे शब्द आले आणि मातुश्रींस वाटले, जोमाजींची उकड त्या मोबाईलात कैसी पोहोचली ते दर्या जाणे, परंतु पोहोचली खरी. त्या उठोन प्रथमच मुदपाकखान्यात शिरल्या, तांदळाचे पीठ काढिले, चाळिले, वाटीत भरोन वर ताटली झाकिली. सुनेने पाहिले आणि समजली की म्हातारीस भाकरी करावयाच्या असतील. तिने विचारिले नाही, यांनी सांगितले नाही. दोघीही आपापल्या आनंदात झोपी गेल्या.

रविवारी प्रातःकाळी राजे बाजारास जाऊन कोळंबी, शिवल्या आणि जिवंत चिंबोऱ्या घेऊन आले. पिशवी सोडिताच एक चिंबोरी पळोन फ्रीजखाली दडली, राजे खुर्चीवर चढले, राणीसाहेब झाडू घेऊन उभ्या राहिल्या, तो मातुश्रींनी वाकोन हात आत घातला आणि तिला पाठीकडोन धरोन बाहेर आणिली. मग नांग्या मोडिल्या, साफ केल्या, आणि वर्षभरात प्रथमच त्यांच्या हातास मासळीचा वास लागला. इकडे हंडीत बटाटे, कणसे, कांदे, लसणाचे गड्डे आणि पाणी पडले. परमुलुखीचा मसाला मिळाला नाही, म्हणोन सुनेने माहेरचे काळे तिखट घातले. यंत्रास तीन खुणा, लो, हाय आणि वॉर्म. बराच वेळ गेला तरी आवाज नाही, वाफ नाही. मातुश्रींनी हंडीस कान लावोन विचारिले, "गो, विस्तव हाय का यात?" सून कांदा चिरीत बोलिली, "हाय नाही आई, लो आहे." मातुश्रींनी यावरोन इतकाच बोध घेतला की विस्तव नाही आणि सुनेस ते ठाऊक आहे आणि तरी ती कांदा चिरीत बसली आहे. त्या घडीघडी येऊन झाकण उचलीत आणि आत पाहत, आणि सून ओरडे, "आई, झाकण काढलं की सगळी ऊब जाते हो!" आणि मातुश्री म्हणत, "ऊब हायच कुठं जायाला?" ऐसी लढाई दोन प्रहरपर्यंत चालली.

बटाटे मऊ जाहल्यावर राणीसाहेबांनी खूण हायवर नेली आणि चिंबोऱ्या, मागाहून कोळंबी आणि शिवल्या आत सोडिल्या. शिवल्यांनी तोंडे उघडिली, चिंबोऱ्या लाल जाहल्या, आणि जो वास सुटला तो आम्हांस जिन्यावर पोहोचला. मग त्यांनी हौसेने मातुश्रींस हाक मारोन झाकण उचलिले. मातुश्री पिठाची वाटी घेऊन आल्या, पाहतात तों वरती पिवळी कणसे. त्यांचे तोंड उतरले. "यात मका कोनी टाकला?" सून बोलिली, "त्यात असतोच आई. अशीच असते उकड." मातुश्री बोलिल्या, "यी उकर नाय." आणि वाटी ओट्यावर ठेवोन आपल्या खोलीत जाऊन, गाठोडे पलंगाखालोन ओढोन, मांडीवर घेऊन बसल्या. राणीसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. सकाळपासून खपली, तिचे काय चुकले ते तिला कळेना, आणि विचारावे तर सासू दाराकडे पाठ करोन बसलेली. राजे दोहींच्या मध्ये उभे, आणि मध्ये उभ्या राहणाऱ्या पुरुषाचा जो उपयोग असतो तोच त्यांचा जाहला.

मग राणीसाहेबांनी डोळे पुसोन मेजावर कागद अंथरिला, हंडी उचलिली, सिंकमध्ये चाळण ठेविली, आणि रीतीप्रमाणे पाणी टाकावयास हंडी कलती केली. रस भळभळा मोरीत चालला. तो आवाज आणि तो वास खोलीत मातुश्रींस पोहोचला. गाठोडे मांडीवरोन गडगडले. गुडघे विसरोन त्या धावल्या आणि दारातून ओरडल्या, "नको गो वतू! रस नको वतू! तोच त हाय!" सुनेने दचकोन हंडी सरळ केली. अर्धा रस गेला होता, अर्धा उरला होता. सून बोलिली, "आई, हे टाकायचंच पाणी असतं." मातुश्री हंडी दोन्ही हातांनी कवटाळोन बोलिल्या, "टाकाचा? यो टाकाचा? यातच तुजा सासरा पीठ घोटायचा!" आणि मग त्या तेथेच, ओट्यास टेकोन, रडल्या, आणि भिजलेला तांदूळ, पाट, वर काढलेली होडी, होडीचा वाटा, सारे सांगोन मोकळ्या जाहल्या. राजे बोलिले, "आये, मला आठवते ती उकड. मी विसरलोच होतो." सुनेने गॅस पेटविला, वर पातेले ठेविले, उरलेला रस त्यात ओतला, आणि पिठाची वाटी सासूच्या हाती दिली.

मातुश्रींस ही उकड करावयास कोणी कधी शिकविले नव्हते, त्यांनी ती फक्त खाल्ली होती. रस उकळताच त्यांनी सगळे पीठ एकदम सोडिले आणि त्याच्या गाठी जाहल्या. सून बोलिली, "आई, गाठी झाल्या, मोडू का?" मातुश्रींनी डावात थोडी घेऊन, फुंकोन, जिभेवर ठेविली. तिखट देशावरचे, गोडी मक्याची, जोमाजींच्या रसात यातले काहीच नव्हते. मग एक गाठ दाताखाली आली, आणि मातुश्री हसल्या. वर्षात प्रथमच हसल्या. "नको मोरू. त्याच्यात पन गाठी असायच्या! दर वर्साला म्हनायचा, दर्या हलवतो म्हनून गाठी होतात, आनि घरी कराचा तरी गाठीच!"

मग सारे मेजावर बसले, मध्ये चिंबोऱ्या-कणसांचा ढीग, बाजूस उकडीचे पातेले. मातुश्रींनी पहिला डाव ताटलीत काढिला, आणि हात तसाच राहिला. हळूच बोलिल्या, "होरी त नाय आता." वैजयंताबाईंनी ओट्यावरची रिकामी हंडी उचलोन आणिली, मेजावर सासूपुढे ठेविली आणि माहेरच्या बोलीत बोलिल्या, "हाय की, आई. हीच हाय." मातुश्रींनी त्या मुक्या, बिनविस्तवाच्या हंडीकडे पाहिले, मग सकाळपासून तीस सांभाळणाऱ्या सुनेकडे पाहिले, आणि ताटली उचलोन सुनेच्या पुढ्यात सरकविली. "मंग खा. होरीचा वाटा तांडेलान खावाचा." सुनेने खाल्ला. मातुश्रींनीही खाल्ले, पोटभर खाल्ले, चिंबोरीची नांगी दाताने फोडोन खाल्ली, आणि हात धुवावयास उठताना इतकेच बोलिल्या, "पुढच्या आयतवारी मका कमी टाक गो."

येणेप्रमाणे अर्धा रस मोरीत गेला, अर्धा राज्याच्या कामास आला, आणि सोमवारी कोणी गावास गेले नाही. गाठोड्यातील वस्त्रे कपाटात गेली. किल्ली मात्र अद्याप मातुश्रींच्या कमरेस आहे, आणि रविवारी त्या हंडीस कान लावितात तेव्हां ती किल्ली ओट्याच्या कडेवर वाजते. बखर समाप्त.