माशाच्या डोळ्यात मीठ

समाजासाठी आपणही काहीतरी करावं, असं मला वाटलं ते एका रविवारी सकाळी, दाढी करताना. (दाढी करताना मला जे जे वाटतं त्यातलं निम्मं मी तोंड पुसेपर्यंत विसरतो. हेही विसरलो असतो तर फार बरं झालं असतं.)

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक दवाखाना आहे. बाहेर रोग्यांसाठी बाकं आणि बाकांसमोर एक लांबलचक भिंत. भिंत इतकी उदास की धडधाकट माणूस तिच्याकडे बघत पंधरा मिनिटं बसला, तर त्यानंही आत जाऊन नाडी दाखवावी. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंनी ठरवलं की घराघरांतून टाकाऊ झाकणं गोळा करायची आणि त्या भिंतीवर फळ्या ठोकून बारा फुटांचा मासा करायचा. एक झाकण म्हणजे एक खवला. ज्याच्याकडे झाकणं असतील त्यानं झाकणं आणावीत, ज्याच्याकडे वेळ असेल त्यानं स्क्रू पिळावेत.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी लिहून घेणारा कारकून. वीस वर्षं लोकांच्या गळक्या नळांची नोंद करतो आहे, पण एकही नळ माझ्या हातून थांबलेला नाही. (तो आमचा विभाग नव्हे.) त्यामुळे एखादी गोष्ट आपल्या हातानं पुरी झालेली बघावी, अशी इच्छा कुठेतरी होती. मी नाव दिलं.

पहिल्या दिवशी मी तीन झाकणं घेऊन गेलो. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर गोणी घेऊन आले. बाईंनी ती गोणी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. माझी तीन झाकणं तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "हरकत नाही. काही मुलं उशिरा फुलतात."

मी पन्नाशीला आलेला गृहस्थ. ते वाक्य घरापर्यंत माझ्या मागे मागे आलं.

घरात त्या आठवड्यात मी आणि आई असे दोघंच होतो. बायको धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली होती. आईचे डोळे दोन वर्षांपासून अधू झालेत. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. डॉक्टरांनी हात टेकले, पण आईनं टेकले नाहीत. सकाळचा चहा तीच करते. आम्ही उठायच्या आत ओट्यापाशी तिची खुडबुड सुरू असते, आणि घरातला पहिला कप तिच्या हातचा, हा तिचा नियम.

तर मी स्वयंपाकघरात गेलो आणि फळीकडे पाहिलं. डबे आणि बरण्या ओळीनं उभ्या, पण झाकणांना एकमेकांचा पत्ता नाही. एक षटकोनी, एक खरखरीत, एकाच्या कडेला तीन खाचा पडलेल्या, एकावर कुणीतरी कोटाचं मोठं बटण चिकटवलेलं, एकाला सुतळी गुंडाळलेली. संसाराला बावीस वर्षं झाली आणि बायको अशा भंगारात दिवस काढते आहे, याची मला लाज वाटली. (या फळीकडे मी त्या बावीस वर्षांत प्रथमच बघत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.)

संध्याकाळी मी बाजारातून बरण्यांचा नवा संच आणला. सगळ्या एका मापाच्या, एका उंचीच्या, निळ्या झाकणांच्या. आई देवासमोर बसली होती तेवढ्यात मी सगळं सामान नव्या बरण्यांत ओतलं, जुन्या बरण्या भंगारवाल्याला दिल्या आणि झाकणं पिशवीत भरली. फळी अशी दिसत होती की जणू कवायतीला उभी आहे.

"आई, बघ तरी," मी म्हणालो. मग चूक लक्षात येऊन म्हणालो, "म्हणजे, हात लावून बघ."

आईनं पहिल्या बरणीवरून हात फिरवला. दुसऱ्या. तिसऱ्या. परत पहिल्या.

"सगळ्या सारख्याच का रे?"

"अगदी तंतोतंत."

तिनं हात मागे घेतला. "छान आहेत," म्हणाली. "तुझी बायको खूश होईल."

दुसऱ्या दिवशी बाईंना मी पिशवी दिली. त्यांनी विचारलं, "एवढी कुठून आली?" मी अभिमानानं नव्या संचाची हकीकत सांगितली.

"म्हणजे टाकाऊ वस्तू देता याव्यात म्हणून तुम्ही नव्या विकत आणल्या?"

"असं थेट नाही म्हणता येणार," मी म्हणालो. सुदैवानं बाईंच्या हाताला ते बटणाचं झाकण लागलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हा तर डोळा. चार दिवस मी माशासाठी डोळा शोधते आहे." त्यांनी स्वतःच्या हातानं तो डोळा जागेवर बसवला. पोस्टमास्तरांची गोणी कोपऱ्यात पडून होती. मी स्क्रू पिळताना शीळ घालत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, बाई आमच्या शिडीसाठी घरी आल्या. आई म्हणाली, "बसा, चहा टाकते." मला मधुमेह आणि आईही साखर घेत नाही, त्यामुळे आम्हा दोघांचा चहा ती बिनसाखरेचाच आधी बाजूला काढते. बाईंचा कप तिनं वेगळा केला.

बाईंनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कप पुन्हा उचलला.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"वेगळा आहे," बाई म्हणाल्या.

"साखर कमी नाही ना?"

"नाही नाही. साखरेचं काही म्हणणं नाही."

"बाई, आणखी अर्धा कप घ्या," मी आग्रह केला. त्यांनी अर्धा कप आणखी घेतला. अजूनही ते आठवलं की माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात.

त्या गेल्यावर आईनं कपाच्या तळाला बोट लावून चाखलं. कप धुतला, जागेवर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत जाऊन बसली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "उद्यापासून चहा तू करत जा."

आई ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तिचे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते. दोन दिवस असेच गेले. मी चहा करायचो, ती न बोलता प्यायची, आणि मी विचारलं की "बरा आहे" म्हणायची.

शेवटी मी बायकोला फोन केला.

"कुठली झाकणं दिलीत?" तिनं विचारलं.

"जुनी. ती सगळी वेगवेगळी होती ती."

पलीकडे मेहुणीचं बाळ रडत होतं. मग बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती वेगवेगळी नव्हती, वेगवेगळी केली होती. तीन खाचा म्हणजे साखर. बटण म्हणजे मीठ. सुतळी म्हणजे चहा. आईंना हाताला कळावं म्हणून मी आणि त्यांनी बसून दोन महिने एकेक खूण ठरवली. तुम्ही तिथेच बसून पेपर वाचत होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. तुम्ही 'वा वा' म्हणालात." मग ती म्हणाली, "मी येईपर्यंत स्वयंपाकघरात कशाला हात लावू नका. पाणी प्यायचं तर बाहेरच्या माठातलं प्या."

झाकणं परत आणायची, एवढंच आता माझ्या डोक्यात होतं. दुपारी कचेरीत रजा टाकून मी स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीपाशी गेलो. माशावर नऊशे झाकणं होती, आणि त्यातली माझ्या घरची कुठली, हे मला ओळखू येईना. बटणाचा डोळा तेवढा कळला, पण तो शिडीशिवाय हाती लागेना. बाकीची आपली वाटतील ती काढत गेलो. तेवीस निघाली तेव्हा मागून आवाज आला.

"मासा सोलताय का?"

दवाखान्याचा कंपाउंडर होता. त्याच्या मागे बाकांवरचे रोगी मान उंचावून बघत होते.

"माझीच आहेत," मी म्हणालो.

"सगळी?"

"काही."

"कुठली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. मी पिशवी उचलली आणि काही काम आठवल्यासारखा निघून आलो.

घरी येऊन झाकणं आईच्या ओंजळीत दिली आणि सगळं सांगून टाकलं. तिनं एकेक चाचपून पाहिलं, नाकाशी नेलं. "हे कुणाच्या तरी तेलाच्या बाटलीचं. हे औषधाचं. हे लहान मुलाच्या दुधाच्या डब्याचं, कड बघ कशी चावलेली आहे." तेविसावं खाली ठेवून ती म्हणाली, "यात आपलं एकही नाही." आणि मग, दोन दिवसांत पहिल्यांदा, ती हसली. "तुला लहानपणी शाळेतून स्वतःच्या चपलासुद्धा ओळखून आणता यायच्या नाहीत. चल, मला घेऊन चल तिकडे."

आम्ही पोचलो तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून माशाच्या उघड्या पडलेल्या पोटासमोर उभ्या होत्या. पोस्टमास्तर बाजूला उभे राहून हळहळत होते. (त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मला त्यांच्या पाठीवरूनही कळलं.) मी बाईंना झाकणांचं सांगितलं, मग चहातल्या मिठाचंही सांगितलं.

"अगंबाई," आई म्हणाली, "आणि तुम्ही अख्खा कप प्यायलात?"

"दीड," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुमच्याकडे असाच करतात. शिवाय शाळेत तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीतला चहा प्यायले आहे मी. त्यापुढे हा काही वाईट नव्हता."

आई भिंतीपाशी गेली आणि शेपटीपासून हात फिरवू लागली. तिची बोटं झाकणांवरून सरकत होती, मध्येच एखाद्यापाशी रेंगाळत होती. "ही साखर," ती म्हणाली. चार पावलं पुढे गेली. "हा चहा. सुतळी काढलीत, पण डिंक राहिलाय." कंपाउंडरनं शिडी धरली, मी तिचा हात धरून तिला दोन पायऱ्या वर नेलं. तिनं माशाच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"आणि हे मीठ."

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. आई म्हणाली, "राहू दे. डोळा आहे तो. कुणाचा डोळा काढून न्यायचा नसतो."

"पण मग तुझं कसं व्हायचं?"

"तशीही ती नव्या बरण्यांना बसणार नाहीत. जुन्या बरण्या कुठायत?"

मी भंगारवाल्याचं नाव काढलं तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. असे डोळे त्यांनी अनेक वर्षं अनेक मुलांची चित्रं बघून मिटले असतील.

आईचा हात मात्र अजून माशावर होता. "बाई, रागावणार नसाल तर सांगते. तुमचा मासा हाताला मासा वाटत नाही. डोक्याकडून शेपटीकडे हात नेला की गुळगुळीत लागायला हवा आणि उलटा नेला की खवले अडायला हवेत. तुम्ही झाकणं नुसती शेजारी शेजारी लावलीत. ती एकावर एक चढवायला हवीत, कौलांसारखी."

बाईंनी स्वतः हात फिरवून पाहिला, इकडून आणि तिकडून. मग त्या वळल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "सगळी काढा. परत लावायची."

नऊशे झाकणं. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. कुणी काही बोललं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

पुढचे पाच दिवस आई बाकावर बसून झाकणं हातानं निवडत होती. जाड कुठली, पातळ कुठली, कुठली कुणावर चढेल. रोगी आपला नंबर येईपर्यंत तिच्या शेजारी बसून निवडू लागले. एका आजोबांचा नंबर दोनदा पुकारला तरी ते उठेनात. आणि दुपारी काम थांबलं की बाई आणि आई दोघी मिळून आमच्या नव्या निळ्या झाकणांवर खुणा चिकटवायच्या. एकावर मणी, एकावर जुनी किल्ली, एकावर चेनची पट्टी. मी डिंक धरून उभा असायचो. डिंकापलीकडची जबाबदारी मला कुणी दिली नाही.

मासा झाला. उलटा हात फिरवला की खरोखर अडतो. लहान मुलं इंजेक्शनच्या आधी त्याला हात लावायला धावतात, असं कंपाउंडर सांगतो.

बायको परत आली त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही उठायच्या आत ओट्यापाशी खुडबुड सुरू होती. चहा घेऊन बायको फळीपाशी गेली आणि डोळे मिटून एकेका झाकणावर बोटं टेकवत आईला विचारू लागली. किल्ली म्हणजे डाळ, मणी म्हणजे साखर. टोकाच्या बरणीपाशी ती थांबली.

"आई, ही रिकामीच आहे."

"ती याची," आई माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाली. "स्वयंपाकघरात काही सुधारणा करावीशी वाटली, तर त्या एका बरणीत करायची."

"पण हिच्यावर खूण लावायची राहिली," मी म्हणालो.

"राहिली नाही," आई चहा ओतत म्हणाली. "वरून गुळगुळीत आहे आणि आत काही नाही. तुझी आहे हे ओळखायला एवढं पुरे."