हर्षवनच्या फोटोतली पाळण्याची रांग

हर्षवन उद्यानाच्या जुन्या फोटोंमध्ये दरवर्षी एक डिसेंबरला माणसं उतरवून नाताळची सजावट करावी लागते. उद्यान बंद पडून बावीस वर्षं झाली आणि तिथे आता इमारती आहेत. पण शहाऐंशी सालच्या नाताळात काढलेले नऊ फोटो वसईत ट्रस्टच्या कार्यालयात आहेत आणि त्यातली माणसं नाताळ बघायलाच आलेली आहेत. एका वर्षी ट्रस्टींनी टाळाटाळ केली, तेव्हा नऊही फोटोंतली माणसं आमच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली ती थेट ईस्टरपर्यंत. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

हे काम मी, इनास तुस्कानो, एकोणीस वर्षं करतो आहे. काम अवघड नाही. फोटो टेबलावर आडवा ठेवायचा, काच काढायची, सहा माणसांनी आधी पाय घालून आत उतरायचं. आत रंग नसतात, म्हणून पताकांना 'लाल', 'हिरवी' अशा चिठ्ठ्या बांधून द्याव्या लागतात. दुपारी एक वाजता सगळे रांगेने वर येतात. मी डोकी मोजतो, 'सहा आत, सहा बाहेर' असं रजिस्टरमध्ये लिहून सही करतो आणि काच बसवतो. ती पुन्हा निघते सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सजावट उतरवायला. मधे काढून चालत नाही. पूर्वी फोटो दहा होते. एकदा मधेच काच काढली आणि दहावा कोरा झाला, माणसांसकट.

गेल्या डिसेंबरला आकाशपाळण्याच्या फोटोत उतरलेल्या सहा जणांत माझी बायको रेजिना होती. देवळातला येशूजन्माचा गोठा दरवर्षी तीच सजवते, तिच्या हाताला तोड नाही. मीच तिच्या मागे लागलो होतो, चल म्हणून. नको ती हौस.

वर आलेली माणसं तासभर करडी असतात आणि करडी माणसं सगळी एकसारखीच दिसतात. मी सहा डोकी मोजली, सही ठोकली, काच बसवली. मग एकेकाला रंग चढू लागला आणि सहावी बाई रेजिना नाही हे मला दिसलं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मार्सेलिन परेरा," ती म्हणाली. अंगात मोठ्या कॉलरचा फ्रॉक, केसांना रिबीन. "पाळणा इकडेच ना? ही माणसं शिडी घेऊन निघाली, मला वाटलं, रांग सरकली एकदाची. शेवटच्या बाईला विचारलं, तुम्ही रांगेत आहात का? ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही."

हे रेजिनाचंच बोलणं. देवळात कम्युनियनच्या रांगेतसुद्धा ती दोघातिघांना पुढे काढते आणि स्वतः शेवटी जाते. मी फोटोवर वाकलो. मोठ्या पाळण्याच्या रांगेत पाचव्या जागी ती उभी होती, हातात एक चांदणी. मार्सेलिनची पाच वर्षांची मुलगी रोझी रेजिनाचा पदर धरून होती.

ट्रस्टचे सचिव मच्याडो साहेब आले. त्यांनी चष्मा पुसून रजिस्टर वाचलं.

"आकडा बरोबर आहे, इनास."

"साहेब, पण माणूस बदललाय."

"माणसाचा रकाना नाही यात. सही तुझीच आहे ना? मग सहा तारखेला अर्ज दे, अदलाबदल करू. तोवर ती पाळण्यात बसली नाही म्हणजे मिळवली."

"बसली तर?"

"तर ती रांगेतली राहत नाही. पाळण्यातल्यांना उतरवायची सोय त्या फोटोत नाही." रजिस्टर मिटत ते म्हणाले, "सजावट मनासारखी झाली की रांग भराभर सरकते, असं माझं निरीक्षण आहे. कुणी केली यंदा?"

मी फोटोकडे बघितलं. सजावट फार सुंदर झाली होती.

मार्सेलिनला मी घरी आणलं, दुसरं करणार काय? बाई गरीब स्वभावाची. आमच्या जेसिंताबरोबर नाताळच्या फराळाच्या नेवऱ्या करायला बसायची आणि सारखं एकच विचारायची, "रोझीने काही खाल्लं असेल का हो?" जेसिंता कॉलेजात जाणारी पोर, पण त्या दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज सकाळी भिंग घेऊन फोटोसमोर बसायचो. बारा तारखेला रेजिना चौथी होती. नाताळच्या दिवशी तिसरी. एक तारखेला दुसरी. आधी ती कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंड पाळण्याकडे वळवलं. पाच तारखेला ती पहिली होती आणि तिचा एक पाय पायरीवर होता.

सहा तारखेला मच्याडो साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. मार्सेलिन नेवऱ्यांचा डबा पोटाशी धरून इतर पाच जणांबरोबर उतरली. या वेळी मी डोकी मोजली नाहीत. एकेकाचं नाव घेऊन हजेरी घेतली.

"रेजिना तुस्कानो?"

"हजर," ती म्हणाली. मी तिचं मनगट धरलं आणि ती करडी असेपर्यंत सोडलं नाही. रंग आले. मानेवरचा तीळ जागेवर होता. मी तिथेच, साहेबांसमोर रडलो. काच बसवताना पाहिलं तर मार्सेलिन आणि रोझी पाळण्यात, अगदी वर, बसलेल्या होत्या.

घरी आल्यावर रेजिना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

"आत जा ना," मी म्हणालो.

"जाते. पुढची माणसं सरकू देत."

पुढे कुणीही नव्हतं. समोर ओटा होता आणि ओट्यावर दूध.

"आई, मला पाणी हवंय, सरक ना जरा," जेसिंता म्हणाली.

"रांगेत ये, बाळा," रेजिना मायेने म्हणाली. जेसिंता महिनाभर आईसाठी झुरली होती. ती मुकाट्याने तिच्या मागे उभी राहिली. मी पाच मिनिटं बाजूला उभा राहून पाहिलं. मग मला धडकी भरली की मी असा बाजूलाच राहिलो तर या दोघी माझ्याशिवाय पुढे जातील. म्हणून मी जेसिंताच्या मागे उभा राहिलो.

सकाळी शेजारचा सांतान रेजिनाची विचारपूस करायला आला. आम्हाला पाहून त्याने आवाज खाली केला. "किती वेळ लागेल?"

"फार नाही," रेजिना मागे न बघता म्हणाली. "सजावट छान झालीय."

सांतान माझ्या मागे उभा राहिला. त्याला शोधत त्याची बायको आली, तिच्यामागे दूधवाला. रविवारपर्यंत रांग अंगणातून निघून विहिरीला वळसा घालून रस्त्याला लागली. मच्याडो साहेबही आहेत तिच्यात. मधे घुसले नाहीत, शेवटी उभे राहिले.

आज सकाळी आम्ही सगळे एक पाऊल पुढे सरकलो. रेजिना म्हणते, आता तिच्यापुढे दोघंच उरलेत. मी जेसिंताचा खांदा घट्ट धरून ठेवला आहे.