कोंडाबाईच्या सातव्या नंबराची हकीकत

श्री तोटीदेवी प्रसन्न असो, धार बारीक न होवो. शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सरे, वैशाखमासी चिंचपेठेत जे वर्तमान जाले त्याचा हा मजकूर. पेठेत बिऱ्हाडे एकेचाळीस, नळ एक, आणि कायदाही एकच, की जिचा हंडा रांगेत ती बाई रांगेत. मग ती चुलीपाशी असो, बाळंतिणीच्या खाटेवर असो, की नवऱ्याचा मार खाऊन भिंतीकडे तोंड करून निजलेली असो, मागलीने पुढलीचा हंडा बुडाला पाय लावून पुढे सारावा, आणि पाळी आली की तोटीखाली धरावा, पण रांगेबाहेर काढू नये. इतका चोख कायदा राजधानीतही चालत नसे. हा कायदा ठमाबाई शितोळे यांनी अठरा वर्षे पाळिला. त्यांचा नंबर आठवा, आणि सातवा कोंडाबाई भोईटे यांचा, आणि कोंडाबाई अठरा वर्षांत आल्या नव्हत्या.

त्याचे मूळ ऐसे. पूर्वी हा नळ तालमीच्या आत होता, आणि तालमीत बाईचे पाऊल पडू नये ऐसा दंडक होता. सकाळी पहिलवान मंडळी अंगे धुवीत, आणि मग वस्तादांची म्हैस धुवीत, आणि मग उरले तर बायका दाराबाहेर तांब्याने घेत. तेव्हां कोंडाबाईंनी मसलत केली, आणि चाळीस बायका, हंडे आणि तीन चुली घेऊन तालमीवर चाल केली, आणि आखाड्याच्या तांबड्या मातीत ठाण मांडून तीन दिवस भाकऱ्या थापल्या. आखाडा बाटला, आता पाऊल ठेवणार नाही, ऐसी शपथ पहिलवानांनी वाहिली आणि पाळिली, हे त्यांच्या पदरी नमूद असावे. मारुतीरायांनी हरकत घेतल्याचे आढळत नाही. चौथे दिवशी राज्याची जाळीची गाडी आली, आणि बाईंस नुसते विचारायला नेतो म्हणोन शिपाई बोलले. कोंडाबाईंनी आपला हंडा रांगेत ठेविला. मागे ठमाबाई उभ्या, तेव्हां हळद उतरली नव्हती. त्यांस म्हणाल्या, "ठमे, माझा नंबर धर. आलेच."

"धरते," इतकेच ठमाबाई बोलल्या. मग पेठेने ठाण्यात जाऊन विचारिले, तो ऐसी कोणी बाई आणिलीच नाही म्हणोन उत्तर आले, आणि वहीत पाहिले, तो नाव नाही. ते दिवसापासून ठमाबाईंनी तो हंडा भरून कोंडाबाईंच्या बंद खोलीपाशी ठेवावा, आणि दुसरे दिवशी तोच हंडा रिकामा, चिंचेने लखलखीत घासलेला, रांगेत सातवा सापडावा, आणि खोलीचा उंबरा ओला असावा, आणि कुलूप तसेच असावे. हे कोण करिते, कोणी विचारिले नाही. पाण्याच्या वेळेला सवड कोणाला असते.

मग त्या वैशाखात राज्याच्या मनात आले की पेठेचा इतिहास दगडावर कोरावा, आणि जलखात्याचे सरदार मोरेश्वरराव धामणस्कर एक दगड, एक गवंडी आणि दोन शिपाई घेऊन दाखल जाले. दगडावर ऐसे कोरिले होते, की तालमीच्या वस्तादांनी हा नळ भगिनीवर्गास उदार अंतःकरणाने अर्पण केला. वस्ताद ते वाचून स्वतःच चकित जाले, पण फेटा बांधून आले. पाणी यायला घटकाभर अवकाश होता, म्हणोन सरदारांनी रांगेची गणती मांडिली, तो हंडे एकेचाळीस आणि बायका चाळीस. तेव्हां हुकूम जाला, की या सातव्या हंड्याची मालकीण आत्ताच्या आत्ता हजर करावी, नाही तर बेवारस म्हणोन हंडा जप्त करू द्यावा, आणि आडवे आल्यास नळ पुन्हा तालमीच्या आत जाईल. मागून शेवंताबाई कुजबुजल्या, की ठमाबाई, अठरा वर्षं म्हणजे पुष्कळ झालं, पोरांच्या तोंडचं पाणी जाईल. ठमाबाईंनी हंड्यास पाय लावून पाहिला, तो रिकामा खणकन वाजला. त्या दिवशी गाडी गेली तेव्हां आपण एकच शब्द बोललो होतो, आणि तोही आज परत घ्यावा काय, ऐसे त्यांच्या मनात आले. मग त्यांनी पदर खोचला आणि पुढे जाल्या.

"साहेब, मालकीण तुमच्याच माणसांनी नेली. आणून सोडा, हंडा ती स्वतः उचलेल."

"बाई, अठरा वर्षं झाली. मेली असेल ती."

"असेल नको. कुठं मेली, कधी मेली, कुणाच्या ताब्यात मेली, तेवढं लिहून द्या. कागद हातात पडला की मीच उचलते."

तेव्हां सरदारांनी लेखणी उचलिली आणि खाली ठेविली, आणि पुन्हा उचलिली. मेली म्हणोन लिहावे तर नेल्याचे कबूल होते, आणि नेलीच नाही म्हणावे तर बाई अद्याप रांगेत ठरते. अखेर घाम पुसून वहीत लिहिले, की कोंडाबाई भोईटे हजर, तूर्त जागेवर नाहीत. आणि खाली मोहोर केली. मग गणती पुरी करावी म्हणोन पुन्हा मोजिले, तो बायका एकेचाळीस. तीन वेळा मोजिले, तीनही वेळा एकेचाळीस. नावे घेतली, तो चाळीस. वस्ताद फेटा सोडून निघून गेले. सरदार मागे सरले, आणि त्यांच्या टाचेस सातवा हंडा लागला, तो हलेना. वाकून पाहिले, तो काठोकाठ भरलेला, पाणी थरथरत होते. तोटी कोरडी होती.

"सारा पुढं, साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "मागं लोक खोळंबलेत."

सरदारांनी दोन्ही हातांनी, सांडू न देता, सारिला.

एवंच नळ बायकांचा राहिला आणि सातवा नंबर कोंडाबाईंचा राहिला. दगड तेथेच पालथा पडला, त्यावर धुणे उत्तम निघते. हे ज्याने वाचिले त्याने रांगेत शेवटी उभे राहावे, आणि पुढे कोण आहे ते मोजू नये.