चादरीखालचं ऊन

आमच्या शेजारचे नागोजीअण्णा रोज सकाळी आठला गच्चीवर जाऊन सोलर पॅनेलना चादरी पांघरतात. सहा पॅनेल, तीन डबल चादरी, कोपऱ्यांना शिवलेल्या नाड्या. संध्याकाळी सोडतात, झटकतात, घड्या घालतात.

सरकारी अनुदानातून इकडे कानडी मुलखात, येलहंक्यातल्या आमच्या गल्लीत पहिलं सोलर बसवलं ते अण्णांनीच. त्याला चौदा महिने झाले. पण आलेली आणि गेलेली वीज मोजणारा मीटर लागेपर्यंत ते चालू करता येत नाही, आणि मीटर काही आलेला नाही. सगळं बंदच आहे तर चादरी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ऊन पडतंय आणि काही होत नाही, ते बघवत नाही," अण्णा म्हणाले. "स्वल्प झाकलेलं बरं."

मीटर कधी येणार, याला त्यांचं उत्तर ठरलेलं, सुरुवात कानडीतल्या 'बरं'ने: "सरी, पुढच्या आठवड्यात." सवलतीतली इलेक्ट्रिक स्कूटरही त्यांनी घेतली आहे. तिला घरच्या उन्हाचीच वीज द्यायची हा हट्ट. त्यामुळे ती जिन्याखाली उभी आणि अण्णा बाजारात पायी. स्कूटर आजवर अकरा किलोमीटर धावली आहे, शोरूमपासून घरापर्यंत.

मला आकडे स्वस्थ बसू देत नाहीत. दिवसाला बारा युनिटं धरली तरी पाच हजारांवर युनिटं चादरीखाली गेली. शेवटी भांडायचं ठरवून मीच वीज कार्यालयात गेलो. क्लार्कने शांतपणे फाइल उघडून दाखवली. कनेक्शन कमलाबाईंच्या नावावर. कमलाबाई म्हणजे अण्णांची बायको, आमची अक्का. तिला जाऊन दोन वर्षं झाली. नाव बदलल्याशिवाय नवा मीटर नाही, आणि त्याचा फॉर्म अण्णांना पहिल्याच महिन्यात दिलेला होता. तो त्यांनी परत आणून दिलाच नव्हता.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. फॉर्म टेबलाच्या काचेखाली होता, कोरा. मी तोंड उघडणार तेवढ्यात फाटकातून मीटर वाचणाऱ्याची हाक आली, "कमलाबाई, करंट बिल."

अण्णा लगबगीने उठले. बिल आणलं, वरचं नाव वाचलं, खिशात ठेवलं.

"तुम्ही सगळे अक्का म्हणायचात," ते म्हणाले. "मी तर जन्मभर नुसतं 'अगं'. तिला नावाने हाक मारणारा हा एकटाच आहे रे. तोही महिन्यातून एकदा."

दुसऱ्या दिवशी आठला मी त्यांच्या गच्चीवर गेलो. ऊन चांगलंच कडक होतं. चादरीचं दुसरं टोक मी धरलं.