निकाल शून्य

हरेशने अब्दुर्रहमान शेठच्या कापडाची वेबसाइट बनवून वर्ष झालं, पण तिच्यावरून अजून रुमालाएवढंही कापड खपलं नव्हतं. धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात शेठने शेवटचं सांगितलं, "जुम्म्याच्या आधी दाखव, साइटवर येतं कोण. न्हायतर साइट बंद, आणि शनिवारपासून तू गोदामात पॅकिंगला."

येणाऱ्यांची नोंद आधीही होत होती, पण भंगारवाल्याच्या पोत्यासारखी. हरेशने लॉगिंग नव्याने बसवलं. आता साइटला आलेल्या प्रत्येक विनंतीची वेगळी ओळ आणि ओळीत ठरलेले रकाने: वेळ, साइट उघडताना भरलेलं नाव नि गाव, काय शोधलं, किती निकाल.

गुरुवारी शेठने आकडा पाहिला. एका दिवसात आठ हजार सहाशे बावन्न विनंत्या.

"माशाल्लाह! इतने लोग?" शेठने चहा मागवला. हरेशलासुद्धा.

लॉग पूर्वीसारखा गबाळा असता तर हरेश तरला असता. पण शेठने स्वतःच नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. आठ हजार सहाशे चाळीस ओळींत नावच नव्हतं.

"हे कोण?"

"आपलाच सर्व्हर, शेठ. दर दहा सेकंदांनी साइटला विचारतो, जिवंत आहेस का."

"ती काय बोलते?"

"हो बोलते."

"झूठ बोलते. उरलेले बारा?"

बाराही ओळी एकाच माणसाच्या. नाव रामू, गाव दिघाशी. हरेशचा चेहरा उतरला. हे त्याचे वडील. ड्युटीवर सगळ्यांचे फोन शेठच्या खणात असत. वडिलांना लिंक मात्र त्यानेच कौतुकाने पाठवली होती. आणि साइटवर शोधायच्या चौकटीत त्यानेच लिहिलं होतं, 'तुम्हाला काय हवंय ते इथे लिहा'.

शेठ मोठ्याने वाचू लागला. "'हरेश जेवलास का.' निकाल शून्य. 'फोन का न्हाय उचलीत.' निकाल शून्य. 'आये इचारते.' निकाल शून्य." बाराव्या ओळीत नुसतं 'हरेश' होतं. निकाल तोच.

शेठने चष्मा काढला. "अरे, बाप है तेरा! आधी त्याला जवाब दे."

"आणि पॅकिंग?"

"ते शनिवारीच."

हरेशने व्यवस्था केली: 'जेवलास का' शोधलं की 'हो, जेवलो' असा एक निकाल दिसावा. दुपारी एकला लॉगमध्ये ओळ उमटली: 'हरेश जेवलास का.' निकाल एक. साइटवरून काहीतरी मिळालेलं हे पहिलं गिऱ्हाईक.

पाठोपाठ दुसरी ओळ आली.

'काय जेवलास.' निकाल शून्य.