धाकूतात्यांचे इराणी गालिचे

"मुंबईचा साहेब माझे गालिचे बघून घेरी येऊन पडणार! पाण्याचा तांब्या तयार ठेवा!" असं धाकूतात्या मयेकर मांडवीभर सांगत सुटले होते.

सगळी उमर बोटीवर काढून तात्या नुकतेच कायमचे घरी परतले होते. इराणात शहाचं राज्य होतं तेव्हा त्यांनी बंदर अब्बासच्या बाजारात हातविणीचे दोन गालिचे घेतले. त्यांच्यावर पाय सोडाच, कुणी नुसती नजर टाकलेली तात्यांना खपत नसे. गालिचे माजघरातल्या पेटाऱ्यात, पेटाऱ्याला पितळी कुलूप आणि किल्ली तात्यांच्या करगोट्याला! आता एकच हौस उरली होती, त्यांचा विमा उतरवायची. विमावाले म्हणाले, आधी जाणकाराकडून किंमत ठरवून घ्या. त्यासाठी मुंबईचे ताहेरभाई गुरुवारी यायचे होते.

ते बुधवारीच उगवले!

तात्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, घाईघाईनं पिशवी उचलली. "अवो, पावण्यांना आधी जेवू द्या. मी बाजारातनं मासळी आणते. मग जराशी झोप घेऊ देत..."

"अगो, साहेब गालिचे बघायला आलाय, घरजावई व्हायला नाय!" म्हणत तात्यांनी झोकात कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. घेरी कधी येते त्याची वाट बघत!

ताहेरभाईंनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. "मयेकर, हा तर कोहळा आहे."

पेटाऱ्यात दोन गोणपाटं, एक फाटकं जाळं आणि वजनाला एक गलेलठ्ठ कोहळा होता! घेरी आली ती तात्यांनाच. तांब्याही त्यांच्याच कामी आला.

"चोरी! पोलिसांना बोलवा!"

"पोलीस नको हो," सगुणाबाई पुटपुटल्या. "चोरी नाय झाली. तुमचं कुलूप पुढं हाय, पण बिजागऱ्या मागं हायत."

मग सगळं बाहेर आलं. तात्या बोटीवर असताना शेजारच्या गंगुबाईंच्या थोरलीला बघायला पाहुणे आले. घरात धड सतरंजी नव्हती. सगुणाबाईंनी बिजागरीचा खिळा उपसून गालिचा दिला, आणि लग्न तिथल्या तिथे ठरलं! तेव्हापासून मयेकरांच्या गालिच्याशिवाय मांडवीत मुलगी दाखवायची नाही, असा रिवाजच पडला. पुढे बारसं झालं, पूजा झाली, भजन झालं. कुणाला नाही म्हणायचं?

"आणि आत्ता कुठं हायत?" तात्या गरजले.

"एक गंगुबाईकडं. आज धाकटीला बघायला खेडचे पाव्हणे आलेत. दुसरा वाडीतल्या केरूच्या नाटकात. तालीम चाललीय."

तात्या गंगुबाईंच्या घरात शिरले ते वादळासारखे. पण त्यांच्याही पुढे ताहेरभाई! गालिचा दिसताच त्यांनी जमिनीवर लोटांगण घातलं, नवऱ्यामुलाच्या मांडीखालचं टोक उचललं आणि भिंग लावून ओरडले, "वा! अस्सल माल! वय चाळीसच्या खाली नाही!"

मुलाचे वडील ताडकन उठले. "चाळीस? अहो, पत्रिका आणलीय आम्ही! अठ्ठावीस पुरी व्हायचीत!"

"पाठीमागून बघा, पाठीमागून! गाठी मोजून दाखवतो!"

नवरामुलगा घाबरून पाठ भिंतीला लावून बसला. कुणी समजूत घालतंय, कुणी चहा देतंय, इतक्यात बोभाटा ऐकून राजाच्या मिशा लावलेला केरू दुसरा गालिचा खांद्यावर टाकून धापा टाकत आला. "तात्या, रागावू नका! अजून तिसरा अंक बाकी हाय!"

तात्यांनी केरूच्या खांद्यावरचा गालिचा चाचपून पाहिला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सायेब," ते हळूच म्हणाले, "वाट लागली ना हो माझ्या गालिच्यांची?"

ताहेरभाई लोकरीवरून हात फिरवत म्हणाले, "वाट? पेटाऱ्यात राहिले असते तर तुमच्या या दमट हवेत कसरीच्या किड्यांनी चाळण केली असती. अनवाणी पायांनी ही लोकर अशी झळाळते. इराणात नवा गालिचा मुद्दाम रस्त्यावर अंथरतात, लोकांनी तुडवावा म्हणून! उत्तम राखलेत. फक्त एक सांगा, विम्यात जागा कुठली लिहू? गालिचे असतात कुठे?"

तात्यांनी तोंड उघडलं, पण सगुणाबाई आधी बोलल्या, "लिवा, मांडवी."

"घर नंबर?"

"नुसतं मांडवीच लिवा हो!"

सगळं घर हसलं. खेडचे पाहुणेसुद्धा हसले, आणि त्या हसण्यात धाकटीचंही ठरलं! गंगुबाई गालिच्याला हळदकुंकू लावायला निघाल्या, तेवढं ताहेरभाईंनी हातापाया पडून थांबवलं.

तात्यांना मात्र वेगळंच काही सुचत होतं. अख्ख्या मांडवीत या गालिच्यांवर न बसलेला माणूस एकच होता. धाकू मयेकर! त्यांनी धोतर सावरलं, एक पाय अलगद उचलला...

"अवो!" सगुणाबाई कडाडल्या. "पाय धुतलेत का?"